तारेने बांधलेली पट्टी

अप्पा अंगणात शिरले तेव्हा कोणीही उठून उभं राहिलं नाही.

आधी त्यांना हे जाणवलं, शांतता त्यानंतर. धुण्याची यंत्रं थांबली होती, ड्रायर थांबले होते, आणि चादरींना इस्त्री करणारा तो भिंतीएवढा रोलरही गार पडत चालला होता. चौदा माणसं पालथ्या टोपल्यांवर नाहीतर ढकलगाड्यांच्या कडांवर बसली होती. बॉयलर आणि सगळी यंत्रं सांभाळणारा मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभा होता. सव्वीस वर्षं इथेच कामाला असलेला माणूस. त्याने अप्पांकडे बघून नुसती मान हलवली.

"कामं सोडून बसलात?" अप्पांनी आवाज चढवला.

या आवाजावर त्यांनी चाळीस वर्षं लॉन्ड्री चालवली होती. आज तो भिंतीवर आपटून परत आला. घडीखात्यातली चष्मेवाली बाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अप्पा, वर जा. आधी घरातलं बोलून घ्या. आम्ही इथेच आहोत."

ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत अप्पा जिना चढले. त्यांना कोणाचा राग आलाय हे त्यांचं त्यांनाही ठरवता येत नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी लॉन्ड्री धाकट्या मुलीच्या हातात दिली होती, थोरल्या मुलाला डावलून. सगळ्यांचा विरोध पत्करून. आणि आज ही वेळ.

वर ऑफिसात काचेजवळ छोटी उभी होती. चौतिसाव्या वर्षीही घरात तिला छोटीच म्हणत. खुर्चीत थोरला बसला होता, तिच्या खुर्चीत, आणि त्याच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

"कशी आहे ती?" अप्पांनी विचारलं.

"चार बोटं आणि तळहात भाजलाय," थोरला म्हणाला. "करंगळीचं काही सांगता येत नाही म्हणाले."

झालं होतं ते असं. सकाळी रोलरवर चादर सरकवताना उंचीमुळे सगळे जिला लांबी म्हणत, तिचा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. नऊ वर्षं ती त्या रोलरवर होती. रोलरच्या तोंडाशी एक लाल पट्टी असते. बोट नुसतं लागलं की पट्टी मागे सरकते आणि रोलर जागच्या जागी थांबतो. आज तो थांबला नाही. शेजारची बाई धावत जाऊन मुख्य बटण बंद करेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. नंतर बघितलं तर पट्टी तारेने पक्की बांधलेली.

"कोणी बांधली तार?"

"त्यांनीच," छोटी म्हणाली. तिने काचेतून खाली बोट दाखवलं. "खालच्या बायकांनी. स्वतःच्या हातांनी. महिना झाला म्हणे. आणि चौदा माणसांपैकी एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही. आता खाली बसून माझ्याकडे असे बघतायत जणू मीच तिचा हात धरून आत घातला."

"मिस्त्री काय झोपला होता? यंत्रं त्याची जबाबदारी. आजच्या आज काढ त्याला. बाकीचे आपोआप सरळ होतील."

"काढतेच."

थोरला हसला. मजा वाटून नाही. "काढा. त्याच्यामागे सगळे जातील. आणि हॉस्पिटलला आज सहाशे चादरी द्यायच्यात, त्या मी आणि अप्पा पायाने तुडवून धुतो."

"मग तूच सांग ना काय करायचं," छोटी त्याच्याकडे वळली. "आठ महिने वाटच बघत होतास याची."

थोरल्याने भिजलेली बाही वर सरकवली. सकाळी डिलिव्हरीच्या गाडीतून लांबीला त्यानेच नेलं होतं. हात नळाखाली धरून, मग ओल्या फडक्यात गुंडाळून. सगळ्या रस्त्याभर ती एकच वाक्य म्हणत होती, "मी ओरडले तरी थांबला नाही." ज्या हॉस्पिटलची चादर तिच्या हाताबरोबर आत गेली त्याच हॉस्पिटलात तिला ठेवलं होतं. आणि परत येताना, सिग्नलला थांबलेला असताना, त्याच्या मनात आलं होतं की आता अप्पांना कळेल. त्या विचाराची त्याला तिथेच शिसारी आली होती. पण तो आला होता हे खरं.

"हो, बघत होतो," तो म्हणाला. "तू तो तीन दिवसांचा कोर्स करून आलीस ना, माणसांकडून काम कसं करून घ्यावं याचा? फ्रेम करून लावलंयस सर्टिफिकेट. काय शिकवलं तिथे? दर तासाला किती चादरी झाल्या ते फळ्यावर लिहायचं, आणि कमी झाल्या की सगळ्यांसमोर नाव घ्यायचं?"

"फळ्यामुळे काम वाढलं. वाढलं की नाही?"

"वाढलं. कसं वाढलं ते आज कळलं."

"तुझा काय संबंध? तू गाड्या बघ."

"अप्पा, काही दिवस मी बघतो खालचं," थोरला वडिलांना म्हणाला. "हिला घरी बसू दे. लोक शांत होतील."

अप्पांनी काचेतून खाली अंगणाकडे पाहिलं. छोटीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला कळलं की ते विचार करतायत. अर्ध्या मिनिटापूर्वी ते तिच्या बाजूने होते.

"तुमच्यासारखंच केलं मी," ती अप्पांना म्हणाली. "शब्दन् शब्द. तुम्ही उभं केलं नाहीत का लोकांना अंगणात? उशीर झाला म्हणून बायकांना दारातून परत पाठवलं नाहीत? मी लहान होते, या जिन्यावर बसून बघायचे. तुम्ही ओरडलात की सगळं सुरळीत चालायचं. मी ओरडले की पट्टीला तार बांधतात. मला सांगा ना, मी वेगळं काय केलं?"

"माझ्या वेळी कोणाचा हात गेला नाही," अप्पा म्हणाले.

"का गेला नाही, विचार की कधीतरी स्वतःला."

हे दारातून आलं. आत्या जिना चढून आली होती, धापा टाकत. ती अप्पांहून तीन वर्षांनी मोठी, नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहिलेली, आणि चाळीस वर्षं घडीखात्यात उभं राहून चादरींच्या घड्या घातलेली. आठ महिन्यांपूर्वी छोटीने सगळ्यांसमोर तिला सांगितलं होतं, "आत्या, तुझं वय झालं, आता आराम कर." तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या, फुलांचा गुच्छ दिला होता. आत्या तो गुच्छ घेऊन घरी गेली आणि त्यानंतर तिने लॉन्ड्रीत पाऊल टाकलं नव्हतं.

"अक्का, तू बस आधी," अप्पा म्हणाले.

"मला बसायचं नाही. तू सकाळी ओरडायचास. मग तू जेवायला गेलास की मी एकेकीपाशी जायचे. कोणाचं पोर आजारी, कोणाचा नवरा मारतो, कोणत्या यंत्राचा आवाज बदललाय, सगळं ऐकायचे. दुपारी तुला सांगायचे, जणू मलाच सुचलंय. 'अप्पा, त्या ड्रायरचा पट्टा बदल.' 'अप्पा, तिला उद्या सुट्टी दे.' तुला वाटायचं तुझ्या आवाजावर चाललंय. मी वाटू दिलं. ही माझी पहिली चूक."

अप्पांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी चाळीस वर्षं काय केलं?"

"आरडाओरडा," आत्या म्हणाली. "आणि ही तेवढंच शिकली, कारण तेवढंच दिसत होतं. उरलेलं मी करायचे, ते कोणाला दिसतच नव्हतं. मग मला हिने गुच्छ दिला."

छोटीने तोंड उघडलं, पण आत्याने हात वर केला. इथे येईपर्यंत सगळ्या रस्त्याभर ती मनाशी म्हणत आली होती की हे सांगायची गरज नाही, कोणाला कळणार नाही, मिस्त्री तोंड उघडणार नाही. तो इमानी माणूस होता. तिच्यासाठी तो नोकरीही सोडून गेला असता.

"मला माहीत होतं तारेचं," ती म्हणाली.

अप्पा भिंतीलगतच्या स्टुलावर टेकले.

"पंधरा दिवस झाले. मिस्त्री घरी आला होता. म्हणाला, पट्टीची स्प्रिंग गेलीये, काही नसताना पट्टी सरकते आणि रोलर बंद पडतो. तासाला सात-आठ वेळा. फळ्यावरचा आकडा पडतो म्हणून बायकांनी ती बांधून टाकलीये. अर्धा दिवस रोलर बंद ठेवा, मी दुरुस्त करतो. म्हणाला, ताईंना सांगायला गेलो होतो, त्यांनी ऐकून घेतलं नाही, तुम्ही सांगा."

"आणि?" छोटीने विचारलं.

"मी 'बघते' म्हटलं."

"आणि?"

"आणि काही नाही. मी म्हटलं, पडू दे अडून. कळू दे हिला. रोलर बंद पडेल, चादरी उशिरा जातील, चारचौघांत नाक कापलं जाईल, मग येईल माझ्याकडे. हात जाईल असं..." आत्या थांबली. "नाही. खोटं कशाला बोलू. तो विचारही आला होता. मी तो बाजूला सारला."

छोटी आत्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. लहानपणी तापात ती हिच्याच कुशीत झोपायची. आत्ता तिला या म्हातारीला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

"तू मला पाडायला निघालीस," ती हळू म्हणाली. "आणि लांबीचा हात त्यात गेला."

"हो."

"मी तुला माफ करणार नाही."

"मागतंय कोण?" आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "पण तो आधी तुझ्याकडे आला होता. माझ्याकडे नंतर. तेवढं लक्षात ठेव, मग मला काय बोलायचं ते बोल."

छोटीला तो दिवस आठवायला फार वेळ लागला नाही. ती फोनवर होती. हॉस्पिटलचा माणूस पलीकडून झापत होता. मिस्त्री दारात येऊन म्हणाला होता, "ताई, तो रोलर—" आणि तिने फोनवर हात ठेवून, बाहेर उभ्या असलेल्या दोघींच्या देखत, म्हटलं होतं, "मिस्त्री, तुमचं रोज नवं रडगाणं. झेपत नसेल तर तसं सांगा." तो गेला होता. तिला बरंही वाटलं होतं. तिला वाटलं होतं, अप्पांनी असंच केलं असतं.

कोर्समध्ये एका अनोळखी माणसासमोर बसवून त्याचं पाच मिनिटं न बोलता ऐकायला लावलं होतं. तो त्याच्या कुत्र्याबद्दल बोलला होता. तिला ते पोरकट वाटलं होतं.

"मी खाली जाते," ती म्हणाली.

"मी बोलतो," अप्पा उठले. "तू थांब. मी गेलो की—"

"अप्पा, तुम्ही बसा."

थोरला उठला. "मी येऊ?"

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आता जिंकल्याचं काही नव्हतं. "ये. पण बोलू नकोस."

अंगणात ती मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली. बाकीचे बसूनच होते, आणि तिला कळलं की असं उभं राहून ती सगळ्यांच्या वर दिसतेय. तिने एक टोपली पालथी केली आणि बसली. टोपली करकरली. कोणी हसलं नाही.

"मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही मला काय सांगायला आला होतात, ते आत्ता सांगा."

"आता काय उपयोग, ताई?"

"सांगा."

तो सांगू लागला. स्प्रिंग कधीपासून ढिली झाली, त्याने दोनदा ताणून कशी बसवली, बायका फळ्याकडे बघून कशा घाबरायच्या. "लांबीचं नाव तुम्ही तीन दिवस लागोपाठ घेतलंत. तिनेच पहिली तार आणली. मी सोडली. दुसऱ्या दिवशी परत बांधलेली. मग मी वर आलो, तर तुम्ही—"

"मी फोनवर होते, मिस्त्री, हॉस्पिटलचा माणूस मला—"

"ताई," चष्मेवाली बाई म्हणाली, "त्याला बोलू द्या."

छोटीच्या कानशिलात रक्त सणकलं. ही बाई, जिला तिने उशिराबद्दल दोनदा सांभाळून घेतलं होतं. शब्द ओठांपर्यंत आला. तिने बोटं टोपलीच्या कडेत रुतवली आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला आयुष्यातल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं.

"बोला, मिस्त्री."

"तुम्ही म्हणालात झेपत नसेल तर सांगा. सव्वीस वर्षांनी." तो भिंतीपासून पुढे आला. "मी ठरवलं, मरू दे. पण झोप लागेना. म्हणून—" तो थांबला. त्याची नजर जिन्याकडे गेली आणि खाली वळली. "म्हणून काही नाही. एवढंच."

"पुढचं मी सांगते," जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून आत्या म्हणाली. "हा माझ्याकडे आला होता. मला सगळं सांगितलं. मी कोणालाच सांगितलं नाही. मुद्दाम."

अंगणात कुजबुज उठली आणि विझली. काही जणींनी आत्याकडे बघितलं आणि मान फिरवली. चष्मेवाली बाई तिच्यासोबत वीस वर्षं घड्या घालत होती. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिली. "तुम्ही?" एवढंच म्हणाली.

आत्या तिथेच पायरीवर बसली. तिला हात द्यायला कोणी गेलं नाही.

"तो फळा मी आजच काढते," छोटी म्हणाली. "फळा माझा. त्यामुळे तारही माझीच. आणि यापुढे असं काही असेल तर थेट मला सांगायचं. मी चिडले तरी सांगायचं."

"नाही," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही चिडलात तर मी नाही सांगणार, ताई. तुम्ही चिडायचं आणि आम्ही तरी सांगायचं, म्हणजे ओझं परत आमच्यावरच. मला नाही जमणार. आज सांगून ठेवतो."

मागे उभ्या असलेल्या थोरल्याने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. त्याला बोलू नकोस म्हटलं होतं, तो बोलला नाही.

"बरं," ती म्हणाली. "रोलर कधी सुरू होईल?"

"स्प्रिंग आली तर परवा."

"मग परवा. तुम्ही हो म्हणाल तेव्हा. त्याआधी मी सांगितलं तरी सुरू करू नका."

तिने तिथेच, सगळ्यांमध्ये बसून, हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडच्या माणसाचा आवाज मोबाईलबाहेर सांडत होता. त्याने तिला बेजबाबदार म्हटलं, तुमच्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं म्हणाला, दुसरी लॉन्ड्री बघतो म्हणाला. ती "हो" म्हणत राहिली. यातल्या एकाही शब्दाचा राग आज इथे कोणावर निघणार नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

चष्मेवाली बाई वाकून तिच्या कानाशी म्हणाली, "विचारा त्यांना, बिनइस्त्रीच्या चालतील का. ड्रायरमधून गरम असताना ताणून घडी घातली तर फार चुरगळत नाहीत. आम्ही करू."

छोटीने विचारलं. पलीकडे कोणाला तरी विचारल्याचा आवाज. मग, "आजच्या दिवस."

ड्रायर सुरू झाले. सगळे उठले, कोणी खुशीत नव्हतं. घडीच्या टेबलाशी दोन हात कमी पडत होते. आत्या पायरीवरून उठून तिथे जाऊन उभी राहिली आणि चादरीचं टोक धरलं. समोरची बाई दुसऱ्या टेबलाशी निघून गेली. आत्या टोक धरून तशीच उभी राहिली. शेवटी अप्पा लंगडत जिना उतरून आले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं. त्यांना घडी घालता येत नव्हती. आत्या त्यांना दबक्या आवाजात सांगत होती आणि ते, कपाळावर आठ्या घालून, ऐकत होते.

भेटायच्या वेळेला छोटी हॉस्पिटलात गेली. लांबी खिडकीजवळच्या खाटेवर होती, पाय खाटेबाहेर आलेले, उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्यात गुंडाळून उशीवर ठेवलेला. छोटीला बघून तिने तोंड भिंतीकडे केलं.

"करंगळी गेली," ती भिंतीला म्हणाली.

छोटी स्टुलावर बसली. येताना तिने खूप काही ठरवलं होतं. त्यातलं काहीच या खोलीत बोलता येण्यासारखं नव्हतं.

"मी तुला सॉरी म्हणायला आले," ती म्हणाली.

"ते ठेवा तुमच्याकडे." लांबीने मान वळवली. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यातला राग बघवत नव्हता. "मला माझा हात हवाय. तो आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग सॉरी कशाला आणता? मी नऊ वर्षं तिथे उभी आहे. तुम्हाला माझ्या चादरींचा आकडा माहीत. माझं काय माहीत आहे?"

छोटीने स्टूल जवळ ओढलं.

"तुम्ही कधी उभ्या राहिलात रोलरपुढे? एक दिवस? डाव्या बाजूची जमीन ओली असते, पाय सरकतो. ते मिस्त्रीचं काम नाही, गटार तुंबलंय. दिवा गेलाय वरचा, चादरीची कड दिसत नाही. हातमोजे एकाच मापाचे, बायकांना सैल होतात, तेच आधी ओढले जातात. माझा हात का गेला कळलं? मोज्याने गेला." ती थांबली, धापा टाकत. "जा तुम्ही. मला थकवा येतोय."

छोटी उठली नाही. पर्स उघडून तिने पेन शोधलं, कागद मिळेना, म्हणून तळहातावरच लिहायला घेतलं. गटार. दिवा. मोजे.

लांबीने तिच्या तळहाताकडे बघितलं. चेहरा जराही निवळला नाही.

"अजून आहे," ती म्हणाली.

"सांग."

"सगळं तुमच्याबद्दल आहे."

छोटीने दुसरा तळहात उघडा केला. "सांग," ती पुन्हा म्हणाली, आणि लांबी सांगू लागली.